चाकाच्या खुर्चीची केस

ही केस आठवली की मला आरोपीआधी माझा गॉगल आठवतो. मी नुकतीच सबइन्स्पेक्टर झाले होते, आणि सकाळी सातच्या हजेरीलाही काळा गॉगल लावून उभी राहायची. ठाण्यातले जुने हवालदार माझ्यासमोर हसत नसत, एवढाच त्यांचा मोठेपणा.

नागपुरातल्या आमच्या हद्दीत, प्रताप नगरच्या बाजूला, एका सेवाभावी क्लबचं रुग्णसाहित्य केंद्र होतं. नेत्रशिबिरं, वह्यावाटप, रक्तदान हे त्यांचं चालूच असे. पण लोकांच्या खऱ्या उपयोगाचं हे केंद्र. घरी कोणी अंथरुणाला खिळलं की व्हीलचेअर, वॉकर, पलंग फुकट न्यायचा, गरज संपली की परत आणून द्यायचा. वस्तू परत येत नाहीत, असा अर्ज घेऊन क्लबच्या सेक्रेटरीबाई आल्या. कळमेश्वरच्या एका म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तिच्यासाठी व्हीलचेअर हवी होती आणि केंद्रात एकही शिल्लक नव्हती.

मी लगेच ताडलं : टोळी! रुग्णसाहित्य विकणारी आंतरजिल्हा टोळी. स्टेशन डायरीत तसं लिहूनही टाकलं. दोन दिवस घरोघरी फिरल्यावर एक वॉकर सापडला, त्यावर पापड वाळत होते. दुसरा माळ्यावर, त्याला कांद्याची पोती टांगलेली. आपल्या लोकांच्या घरात फुकट आलेली वस्तू परत जायला तयार नसते, हे मला तेव्हा कळलं. टोळी मात्र काही सापडेना.

मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने खबर दिली. "मॅडम, एक बुढा रोज संध्याकाळी चाकाची खुर्ची ढकलत फिरून राहिला. पन खुर्ची रिकामी जाते, रिकामीच येते. पेशंट कधी दिसलाच नाही."

गिऱ्हाईक शोधतोय, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी साध्या वेषात पाळत ठेवली. साधा वेष म्हणजे साडी, आणि खाली पोलिसी बूट. भाजीवाली मला बघून म्हणाली, "काहून वं बाई, पाय दुखते का?" मी तपास गुप्त ठेवण्यासाठी तिच्याकडून पाव किलो सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, विकत घेतला.

म्हातारा आला. सत्तरीचा, धुतलेला सदरा, कारखान्यातून निवृत्त झालेला. खुर्चीत नुसती पालकाची जुडी. प्रत्येक स्पीडब्रेकरपाशी तो थांबे, खुर्ची मागे कलती करे आणि चाकं अलगद पलीकडे उतरवी. पालकाला हिसका बसू नये म्हणून कोणी एवढं जपत नाही. हे मी पाहिलं. पाहिलं आणि अर्थ लावला नाही. गॉगल होता ना!

मी हवालदाराला घेऊन त्याच्या घरी गेले. "पेशंट कुठे आहे?"

"आत हाय. झोपली हाय."

आत पलंग होता. चादर ताणून घातलेली, उशी फुगवलेली, उशाशी पाण्याचा तांब्या. माणूस नाही.

"खोटं बोलू नका काका. कोणाला विकणार होतात खुर्ची?"

"मी काहून विकू? तिची हाय न."

"ती कुठे आहे?"

तो उशी सारखी करू लागला. शेजारणीने सांगितलं, बाई पोळ्याच्या आसपास वारल्या. आठ महिने झाले होते.

मी सेक्रेटरीबाईंना त्यांचं रजिस्टर घेऊन तिथेच बोलावलं. त्यांची पद्धत होती, दर महिन्याच्या एक तारखेला खुर्ची नेणाऱ्या प्रत्येकाला फोन करून पेशंटची चौकशी करायची. या म्हाताऱ्याच्या नावापुढे आठही महिने लिहिलेलं : 'पेशंट बरा आहे.'

"मला तर सगळं सांगायचे," बाई चकित होऊन म्हणाल्या. "काकूंनी काल वांग्याची भाजी मागून घेतली, आज केसांना तेल लावून दिलं."

मी म्हाताऱ्याकडे वळले. "का फसवलंत यांना?"

तो माझ्याशी नाही, बाईंशी बोलला. "गेली म्हनून सांगतलं असतं, तं पुढच्या महिन्यात तिले कोनं विचारलं असतं?"

हवालदार खिडकीबाहेर बघू लागला. मी जबाब लिहायला घेतला. 'माझी पत्नी आठ महिन्यांपूर्वी मयत झाली असून...' इथे त्याने कागदावर हात ठेवला.

"तेवढं नोको लिहू न, पोरी. बाकी काय लिहाचं ते लिही. चोर म्हन."

"त्याशिवाय जबाब होत नाही," मी म्हटलं.

त्याने सही केली. गुन्हा दाखल झाला नाही, समज देऊन सोडलं. पंचनामा करून खुर्ची क्लबला दिली, ती कळमेश्वरला गेली. क्लबने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. फोटोत मी गॉगल लावून आहे. नातवंडं तो फोटो काढून मला चिडवतात, आणि बरोबरच करतात.

खुर्ची परत घ्यायलाच हवी होती, याबद्दल मला आजही शंका नाही. कळमेश्वरची म्हातारी अंगणात येऊन बसायला लागली, हेही मी डोळ्यांनी पाहिलं. पण खुर्चीबरोबर मी तो एक तारखेचा फोनही जप्त केला. सेक्रेटरीबाई वाईट नव्हत्या. एका शब्दाने सांगितलं असतं, तर त्यांनी फोन चालू ठेवला असता. मला सुचलं नाही. मी टोळी शोधत होते. पुढे इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी खोटं बोलताना सापडलं, की त्याला काय मिळवायचंय याआधी काय सोडवत नाहीये, ते मी बघू लागले. त्या म्हाताऱ्याला त्याचा काही उपयोग झाला नाही.

आमचे हे जाऊन आता तिसरं वर्ष. मुलं रोज फोन करतात. आई, जेवलीस का, गोळी घेतलीस का. ह्यांचं नाव कोणी काढत नाही, मला रडू येईल म्हणून. मागच्या आठवड्यात धरमपेठेतल्या कुठल्याशा क्लबमधून एका मुलीचा फोन आला. ज्येष्ठांची नेत्रतपासणी आहे म्हणाली.

"याल ना आजी? आणि आजोबा? त्यांचंही नाव लिहू?"

"लिही," मी म्हटलं.

"पूर्ण नाव सांगा त्यांचं."

मी सांगितलं. वडिलांच्या नावासकट, सावकाश, तिचं लिहून होईपर्यंत.