कराचीहून परत आलेलं बुश

विमानाचे सुटे भाग आधी लाकडात कोरून मग परदेशातून मागवणारा माणूस साऱ्या मुलखात एकच होता, आणि माझ्या नशिबानं तो माझ्याच खिडकीवर यायचा. मी तेव्हा चिंचवडच्या टपाल कचेरीत पार्सलं घ्यायचो. मिस्त्री कासारवाडीहून पायी यायचे. मुंबई रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. येणाऱ्याजाणाऱ्या लॉऱ्या आणि पार रहाटणीपर्यंतच्या मळ्यांतली पाण्याची इंजिनं तेच दुरुस्त करायचे. बिघडलेल्या इंजिनाला ते आधी शिव्या घालत, मग त्याच्यापुढे बसून निवांत चहा पीत आणि तोवर कुणालाही बोलू देत नसत. "त्याला बी जरा वरमू द्या," म्हणायचे.

शेडच्या मागच्या अर्ध्या भागात विमान होतं. लढाई संपल्यावर लष्करी भंगारातून उचललेलं इंजिन, बांबू, मांजरपाट, खाटेच्या नवारी, आणि बसायच्या जागी एक खुडूक कोंबडी, जिला उठवायची मिस्त्रींची हिंमत नव्हती. हे सगळं धाकट्या भावासाठी चाललं होतं आणि ते कुणापासून लपवतही नसत. धाकटा लढाईच्या दिवसांत कराचीला विमानांच्या वर्कशॉपात नोकरीला गेला. पुढे मध्ये सरहद्द पडली आणि तो तिकडचाच झाला. आई गेली तेव्हाही आला नाही. "त्येला मानसांची ओढ न्हाई, भाऊ," मिस्त्री सांगत. "ल्हानपनापास्नं तसलाच. अम्मीच्या मयताला आला न्हाई, पन इंजन चालू करायला बोलावलं तर पळत यील बगा. पंखा त्येनंच फिरवायचा. मी हात लावनार न्हाई." विमान उडेल का, याची त्यांना फिकीर नव्हती. ते पुरं झालं की धाकटा यायचा होता, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मागवायची तऱ्हा मात्र थोरल्या अब्बांच्या, म्हणजे आजोबांच्या, वेळेपासूनची. नमुन्याशिवाय माल मागवायचा नाही, असा त्या घराचा दंडक. मोडका भाग दुकानात न्यायचा, पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचं, असला द्या. कागदावरच्या मापावर त्यांच्यात कुणाचाच विश्वास नव्हता. पण विमान तर नवंकोरं, त्याचे मोडके भाग आणायचे कुठून? म्हणून मिस्त्री बांधावरच्या बाभळीची फांदी तोडत, ओली असेतो कोरायला सोपी जाते म्हणून लगेच बसून तो भाग कोरत, विमानात नीट बसवून बघत आणि पार्सल करून कराचीला धाडत. मिस्त्री जन्मभर लोखंडातले. लाकडाशी त्यांची ओळख हातोड्याच्या दांड्यापुरती. धाकटा तो नमुना समोर ठेवून तसाच पितळेचा नाहीतर पोलादाचा भाग घडवून पाठवी.

पार्सलात काय आहे ते जकातीच्या कागदावर लिहावं लागे. पहिल्या वेळी मी "विमानाचा भाग" असं लिहायला निघालो, तर आमच्या पोस्टमास्तरांनी माझा हातच धरला. शेवटी "लाकडी खेळणं" असं लिहिलं. तिकडून यायचं त्यावर "जुनं भंगार" असं असायचं. दोन्ही सरकारांचं काय बिनसलंय ते आम्ही रोज पेपरात वाचत होतो, आणि माझ्या खिडकीवरून खेळणी जात होती, भंगार येत होतं.

आलेला भाग दर वेळी किंचित लहान निघे. केसभरच, पण निघे. एकदा न राहवून मी म्हटलं, "मिस्त्री, कळवा की त्यांना. जरा मोठं माप धरा म्हणावं."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "हात बिघडला असंल त्येचा. परमुलखात कोन बगतंय त्येच्याकडं? चुकतंय म्हनून कळवलं आन् त्येनं धाडायचंच बंद केलं तर?" धाकट्याच्या कामाला नाव ठेवायचं नाही, हा दंडक त्यांचा स्वतःचा. ते पत्र्याची पट्टी कापत, भागाभोवती गुंडाळत आणि ठोकून बसवत. असं करता करता सगळं विमान पट्ट्यांवर उभं राहिलं. लोक चेष्टा करत, मीही करायचो. मिस्त्री म्हणत, "भावाची चूक हाय राव. वाया कशी घालवू?"

शेवटी एकच भाग उरला, विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या मधलं बुश. बुश म्हणजे भोकात घट्ट बसणारी नळी. थंडीच्या सुरुवातीला तिचा नमुना गेला. आता धाकटा येणार म्हणून मिस्त्रींनी शेड झाडली, नवी खाट विणून घेतली, मनाचा हिय्या करून कोंबडीलाही हलवलं. मग रोज माझ्या खिडकीवर येऊन उभे राहू लागले. वैशाखात पार्सल आलं, पण ते आम्हीच पाठवलेलं होतं. वर इंग्रजीत शेरा होता: घेणारा मयत. असे शेरे मी नोकरीत पुष्कळ वाचले होते आणि वाचून पार्सल बाजूला सरकवलं होतं. त्या दिवशी मात्र खिडकी बंद केली आणि भर उन्हात कासारवाडीला चालत गेलो.

"परत आलंय," मी म्हटलं.

"पत्ता चुकला जनू?"

"नाही, मिस्त्री. धाकटे गेले."

मिस्त्रींनी पार्सल फोडलं, नमुना हातात घेतला आणि सवयीनं विमानापाशी जाऊन पंख्याच्या भोकात घातला. थंडीत त्यांनी स्वतः कोरलेला, स्वतः घट्ट बसवून पाहिलेला तो नमुना आता आत खुळखुळत होता. केसभर लहान झाला होता. त्यांनी तो काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग खाली बसले.

"लाकूड वाळून आटत हुतं, भाऊ," ते म्हणाले. "त्येचं माप बरुबर हुतं. पैल्यापास्नं बरुबर हुतं. आन् मी इतकी वर्सं त्येला माफ करत बसलो." मग उठून नमुना परत पंख्यात घालत म्हणाले, "आता ह्ये कुनाला कळवू?"

पुढे कितीतरी वर्षं ते विमान तसंच उभं होतं, कोंबडीही आपल्या जागी परत आली होती. मुंबई रस्त्यानं जड लॉरी गेली की शेड हादरायची आणि पंख्यात ते लाकूड खुळखुळायचं. मिस्त्री हातातलं काम थांबवून ऐकत राहायचे. त्या बुशाला त्यांनी पट्टी कधीच लावली नाही.