गल्लीला तोंड एकच

"ह्या वस्तीतले टिकतच नाहीत." व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक सर माझा कागद बघत म्हणाले. मंगळवारच्या बैठकीत. सगळ्यांसमोर, माझ्या बायकोसमोर.

केंद्रातून सुटून दोन महिने झाले होते. मी एकदा पुन्हा नशेची गोळी खाल्ली आणि स्वतःच उभं राहून ते सांगितलं. माझ्याआधी एका बिल्डरच्या जावयानं हेच कबूल केलं होतं. त्याला सर म्हणाले, माणूस आहे, ताण असतो. त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या. माझी मात्र वस्ती निघाली.

केंद्रात महिनाभर त्याचा नि माझा पलंग शेजारी होता. घाम तोच, हातांची थरथर तीच. सुटल्यावर तो दौलताबादकडच्या फार्महाऊसवर राहायला गेला. मी माझ्या गल्लीत.

विकणाऱ्याची वाट टाळा, असं सर सांगायचे. आमच्या गल्लीला तोंडच एक. तिथं पाण्याच्या टाकीला टेकून विकणारा उभा असतो. सुटलो त्या दिवशी त्यानं माझ्या हातावर फुकट गोळी ठेवली. "बरा होऊन आला ना, खुशीत घे." ती मी नाल्यात फेकली. मग दोन महिने कंपनीत जाता-येता रोज त्याच्यासमोरून गेलो. एकदा हरलो.

त्या जावयावर मी जळत होतो. त्याच्या गाडीवर नाही. त्याच्या वाटेवर, जिथं कुणी हाक मारत नाही. ती वाट मला मिळाली असती तर, हा विचार आजही सुटत नाही.

मी म्हणालो, "सर, पुढची बैठक आमच्या गल्लीत घ्या."

बायकोनं सदरा ओढला. मी बसलो नाही.

सर हसले. "तिथं कोण येणार?"

"मी ऱ्हातो तिथं. माझ्यासारखे लई ऱ्हातात."

केंद्रातलं कुणी तयार झालं नाही. पुढच्या मंगळवारी मीच टाकीपाशी सतरंजी अंथरली. बायको शेजारी बसली. गल्लीतले तिघं आले, माना खाली घालून. विकणारा म्हणाला, ऊठ, ही धंद्याची जागा हाय.

मी त्याच्याकडं बघून म्हणालो, "उठायचं तर तू ऊठ. मी दर मंगळवारी इथंच बसणार. उद्या पुन्हा गोळी खाल्ली, तरी इथंच येऊन सांगणार. तुझ्यासमोर."