दोन अँटेना आणि एक होकार

ऐंशीच्या दशकात मी कुरखेड्याच्या जंगल ऑफिसात वायरलेस ऑपरेटर होतो. सेट एकच, पण कौलांवर अँटेना दोन. एकाचं तोंड पूर्वेच्या नाक्याकडे, दुसऱ्याचं पश्चिमेच्या लाकूड डेपोकडे. सेटमधून निघालेल्या केबलला छपराखाली दोन फाटे फुटायचे आणि पॉवर निम्मी निम्मी वाटली जायची. त्यामुळे दोन्हीकडून सारखी एकच रड, "आवाज कमी येऊन राह्यला."

आमचा चौकीदार धान पिकवणारा माणूस; बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्यावर बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भिजवणारा. ही वाटणी त्याला समजावून सांगायची मला काय हौस आली होती कोण जाणे. तो म्हणाला, "मंग बोडीच्या पान्यासारखी पाळी काऊन नाई लावत? एक दिवस याच्या बांधीत, एक दिवस त्याच्या!" मी हसलो. त्याला तो होकार वाटला.

नेमकं तेव्हाच माझ्या लग्नाचं चाललं होतं. मुलगी डेपोच्या कारकुनाची. पाहताक्षणीच आवडली, पण तिच्या वडिलांसमोर माझी दातखीळ बसली आणि "विचार करून सांगतो" म्हणून परत आलो. डेपोत फोन नव्हता. वडिलांनी सेटवरूनच बजावलं, "उद्या सकाळी दहापर्यंत सांगा. दुपारी आरमोरीचा मास्तर पोरीले पाहाले येऊन राह्यला." त्या न पाहिलेल्या मास्तरावर मी मनातून भयंकर जळलो.

दुसऱ्या दिवशी घसा खाकरून माईकचं बटण दाबलं. "मला मुलगी पसंत आहे. ओव्हर."

पूर्वेच्या नाक्यावरचा गार्ड बोलला. "साहेब, आज तं आवाज एकदम खणखणीत येऊन राह्यला! पन पोरगी कोनती जी? इथी तं आमी दोघं मिशावालेच आहो."

डेपोकडून चकार शब्द नाही. बाहेर धावलो. पश्चिमेची केबल सोडून खुंटीला टांगलेली आणि खाली चौकीदार निवांत विडी ओढत बसलेला.

"आज पूर्वेची पाळी हाये," तो म्हणाला.

केबल जोडली, धापा टाकत आत आलो आणि ओरडून तेच पुन्हा सांगितलं. डेपोतून उत्तर आलं, "आवाज कमी येऊन राह्यला जवाईबापू, पन समजलं. मास्तरले नाई म्हनून कळवतो." मला इतका आनंद झाला की मी चौकीदारालाच मिठी मारली.

संसाराला आता इतकी वर्षं झाली. अजूनही भांडण पेटलं की बायको ऐकवते, "पुऱ्या पावरचा होकार तं तुमी त्या मिशावाल्याइले देल्ला. माह्या वाट्याले निम्माच आला."