उपाशी ठेवायच्या पेशी

मी पदवीधर झालो तो बाळकुमच्या मावशीमुळे. नात्याने ती माझी कोणी नव्हती. मुरबाडच्या शाळेतून ठाण्याच्या कॉलेजात आलो तेव्हा तिने मला घरातला पोटमाळा दिला आणि पाच वर्षं जेवू घातलं. बाजारात मासळी विकणारी, अक्षरओळख नसलेली बाई. पण माझा अभ्यास चालू असला की घरात टीव्ही लावायची कोणाची हिंमत नव्हती.

पुढे प्रयोगशाळेत काम मिळालं आणि मी ठाकुर्लीला राहायला गेलो. तिथे रोगाशी लढणाऱ्या पेशी आम्ही लाल द्रवात वाढवायचो. शांत असताना त्या बेताने खातात, प्राणवायू वापरून सावकाश जाळतात. चेतवल्या की साखर बकाबका ओढतात, अर्धवट जाळतात आणि आम्ल बाहेर टाकतात. सकाळी बाटली पाहावी तर लाल द्रव त्या आम्लाने पिवळा झालेला. ते पाहून मला सगळं कळल्यासारखं वाटे.

त्याच सुमारास मावशीच्या बोटांचे सांधे सुजले. तिला कोयता धरवेना. डॉक्टर म्हणाले, तिच्याच पेशी चवताळून सांध्यांवर उठल्यात. तिने मला फोन केला.

"मना काय कलतंय? तू शिकलास, तू सांग. फोनवर ऐकू नाय येत, लिहून धाड."

मी लिहिलं. शेजारच्या मुलीने तिला वाचून दाखवलं. डॉक्टरांचा इंग्रजी कागद पिशवीत राहिला. माझा मराठी कागद तिने फ्रिजवर चिकटवला. भात, भाकरी, चहातली साखर, सगळं सोडलं. रक्तातली साखर उतरवणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या मात्र चालू ठेवल्या, कारण त्यांच्याबद्दल मी काही लिहिलं नव्हतं. त्याच गोळ्या पाच वर्षं मी तिला आणून देत होतो.

बाराव्या दिवशी सकाळी ती मोरीत पडलेली सापडली. मेंदूला साखर मिळाली नाही तर काय होतं, या प्रश्नाला मला परीक्षेत पूर्ण गुण होते.

ती जिवंत आहे. घास तोंडात धरून बसते, गिळायला सांगावं लागतं. तिच्या मुलाने फ्रिजवरचा कागद काढून माझ्या हातात दिला. "अक्षर तुझंच ना? आय सगल्यांना दाखवायची."

तो हा कागद:

"प्रिय मावशी, काळजी करू नकोस. तुझ्या सांध्यांत खवळलेल्या पेशी साखरेवर जगतात. साखर, भात, भाकरी बंद कर, म्हणजे त्या उपाशी पडतील. चक्कर आली तर घाबरू नकोस, गुण येतोय असं समज. तू मला पोटभर जेवू घातलंस म्हणून मी एवढा शिकलो. आता माझं ऐक."