अक्कांचं नरसाळं

फळ्यावर लिहून झालं की अक्का उजवा हात पदराखाली घेत. धुळ्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत नव्या आलेल्या पोरी म्हणत, बाईंचा हात भाजला असेल. तो हात का लपतो हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्याच कानाखाली बसला होता तो.

मी तेव्हा तिसरीत होते. अक्का हजेरी घेत होत्या आणि मी खिडकीतून पांझरा नदीकडे बघत बसलेली. नाव पुन्हा पुकारलं, तरी मी ढिम्म. "मोठी मिजासखोर गं तू!" म्हणत त्या आल्या आणि दिली एक ठेवून. संध्याकाळी कानातून रक्त आलं. घरच्यांनी हाका मारून पाहिल्या, ताट आपटून पाहिलं, तेव्हा कळलं की पोरीला ऐकू येत नाही. तोवर सगळे मला नुसती घुमी समजत. बाईंनी मारलं आणि पोर बहिरी झाली, असं गल्लीभर झालं. मीही तेच खरं धरून चालले.

माझे वडील, नाना, भांडायला गेले नाहीत. "बहिऱ्या पोरीला शाळा कशाला?" एवढं म्हणून त्यांनी माझी पाटी माळ्यावर टाकली. काही दिवसांनी अक्का आमच्या ओट्यावर हजर! हातात रॉकेलचं पत्र्याचं नरसाळं आणि त्याच्या तोटीला कुठल्याशा डॉक्टरकडून मागून आणलेली रबरी नळी. नळीचं टोक माझ्या कानात घालून त्या नरसाळ्यात हळूच बोलल्या, "उद्यापासून माझ्याजवळ बसायचं. पोचलं का?"

पोचलं! आईचा आवाजही मला इतक्या जवळून कधी आला नव्हता. मग त्या वडिलांकडे वळल्या आणि सगळी चूक स्वतःवर घेत अहिराणीत म्हणाल्या, "नाना, बठ्ठी मन्ही चूक शे. हिले मी मास्तरीण करसू, तवयच मरसू."

राखेनं कितीही घासलं तरी नरसाळ्याचा वास गेला नाही. माझ्या सगळ्या कविता, सगळा भूगोल रॉकेलच्या वासाचा. मुली नळीत ओरडू लागल्या की अक्का दटावत, "ओरडायचं नाही गं! ओरडलं की शब्द फुटतो." दुसऱ्या बाई धड्याच्या शेवटी "समजलं का?" विचारत. अक्का मला फक्त "पोचलं का?" विचारत. माझ्या समजण्याबद्दल त्यांना कधी शंकाच आली नाही.

सातवीच्या फायनलच्या परीक्षेत शुद्धलेखन सांगायला शाळा तपासणारे डिपोटीसाहेब आले. नरसाळं बघून भडकलेच. "यातून हिला उत्तरं फुंकणार वाटतं?" शुद्धलेखन गेलं असतं तर परीक्षा गेली असती, आणि मग माझी मास्तरकी कुठली! आमच्याबरोबर आलेल्या अक्का पुढे झाल्या. "साहेब, नरसाळं तुम्हीच धरा, तुम्हीच सांगा. ही पोर माझ्या हातानं बहिरी झाली आहे. माझ्यावर काय शेरा मारायचा तो मारा, पण हिला बसू द्या."

साहेबांनी खरंच नरसाळं धरलं, आणि शेराही खरंच मारला. मी पास झाले. अक्कांची बदली शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यात झाली.

नोकरी लागल्यावर मी जळगावला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही कान तपासले, आईला खोदून खोदून विचारलं आणि सांगितलं, हा बहिरेपणा तान्हेपणापासूनचा आहे. आधीच फुटलेल्या कानातून रक्त आलं होतं, थपडेनं ऐकणं गेलेलं नाही. मला कोण आनंद झाला! मिळेल त्या मोटारीनं अक्कांचं गाव गाठलं.

अक्का फार थकल्या होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. "अक्का, मी आधीपासूनच बहिरी होते. तुमच्या हातानं काहीच झालं नाही!" मला वाटलं, आता तो हात पदराबाहेर येईल.

त्यांनी मी बरोबर नेलेलं नरसाळं उचललं, तेही डाव्या हातानं. "मंग तुले तवय बी ऐकू येत नही व्हतं," त्या म्हणाल्या. "तुन्हा काहीच गुन्हा नही व्हता. तरी मी तुले मारं."

आणि नरसाळं मांडीवर ठेवून त्या त्याची कड पदरानं पुसत राहिल्या. "तसं नाही हो अक्का," असं मी म्हणत राहिले, पण ते त्यांच्यापर्यंत गेलं नाही. ओझं उतरवायला गेले होते मी शहाणी! त्याहून जड ओझं देऊन आले. त्याच उन्हाळ्यात अक्का गेल्या.

आता हजेरी मी घेते. नाव पुकारलं की वर बघते, ओठ हलले की खूण करते. एखादीचे हलले नाहीत तर उठून तिच्याजवळ जाते, आणि जाताना माझा उजवा हात आपोआप पदराखाली जातो.