मी सोडलेलं अस्वल

गाडी मागे घेताना ती कशावर आपटू नये, हे बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मिशिगनमधल्या नोव्हाय गावी एका मोटार कंपनीत मी गेली एकोणीस वर्षं रिव्हर्स कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर तपासतो. मागे कुंडी असो, कुत्रं असो की शेजाऱ्याचं पोर, आमचा कॅमेरा वेळेवर बोंब मारतो. या विषयावर मी चारचौघांत भाषणंसुद्धा दिली आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी योग्य तेवढी लाज वाटेल.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझी बायको वृंदा, आम्ही दोघांनीच आरव्ही भाड्याने घेऊन मिशिगनहून वायोमिंगला जायचं ठरवलं. आरव्ही म्हणजे चाकांवरचं वन रूम किचन. पलंग, शेगडी, संडास, सगळं आत. आमची तीस फूट लांब होती. ती मी दुकानातून सरळ बाहेर काढली, सरळ घरापर्यंत आणली, सामान भरलं आणि निघताना पहिल्यांदा रिव्हर्स टाकला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसतं धुकं. (हा कॅमेरा आमच्या कंपनीचा नव्हता, याची नोंद घ्यावी.) त्या धुक्यातून 'खट्' असा आवाज आला. उतरून पाहतो तर समोरच्यांची मेलबॉक्स दांडक्यासकट आडवी. मी इकडेतिकडे पाहिलं, ती उभी केली, बुडाशी दोन दगड लावले आणि गाडीत येऊन बसलो.

"काय झालं रे?" वृंदाने मागून विचारलं.

"काही नाही. टायर बघत होतो."

आणि त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं, की घरी परत येईपर्यंत रिव्हर्स घ्यायचा नाही.

तुम्हाला वाटेल, अशक्य आहे. अजिबात नाही. इंडियाना, इलिनॉय, आयोवा ही तीन राज्यं मी फक्त पुढे जाऊन पार केली. मुक्कामाच्या कॅम्पग्राउंडमध्ये 'पुल-थ्रू' नावाच्या जागा असतात. एका टोकाने शिरायचं, दुसऱ्या टोकाने निघायचं. मी आधी फोन करून तशाच मागायचो. पेट्रोल पंप असा निवडायचो की शिरल्यावर समोर बाहेरचा रस्ता दिसला पाहिजे. त्यासाठी आयोवात एकदा काटा लाल झाला तरी मी चार पंप सोडले.

"अरे, काय करून राहिला तू?" वृंदा म्हणाली. ती मूळची नागपूरची, धीर सुटायला लागला की तिची भाषा माहेरी जाते.

"पुढचा चांगला आहे."

"पेट्रोलमध्ये काय चांगलं-वाईट?"

वाटेत तिला एक सूर्यफुलांचं शेत पाहायचं होतं. पार्किंग चिंचोळं होतं, म्हणून मी म्हणालो, फुलं अजून उमलली नाहीत. आम्ही ऐंशीच्या वेगाने जात असताना ती सगळीच्या सगळी उमललेली दिसत होती. वृंदा मान वळवून मागे पडणारी फुलं बघत राहिली. मला वाटलं, पचलं.

या सगळ्या प्रवासात वृंदाची स्वतःची अशी मागणी एकच होती. वायोमिंगच्या डोंगरात, ओढ्याच्या काठावरची चौदा नंबरची जागा. तिथलं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि पाच मिनिटांत संपतं. त्या दिवशी ती फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप असे तिन्ही पुढ्यात घेऊन बसली होती, आणि जागा मिळाल्यावर दिवसभर गुणगुणत होती. तिचा बेत ठरलेला होता. ओढ्याकाठी खुर्ची टाकायची, गरम पोळी करायची आणि आईचा साखरांबा उघडायचा.

हा साखरांबा साधा नव्हे. माझ्या सासूबाई आता शहाऐंशीच्या आहेत, हात थरथरतात. त्या वर्षी खुर्चीवर बसून त्यांनी दोनच बरण्या केल्या, दोन मुलींना एकेक, आणि सांगितलं की आता पुढच्या वर्षी माझ्याच्याने व्हायचं नाही. आमची बरणी प्लास्टिकची, तोंडाला चिकटपट्टीचे सात वेढे, वर तीन पिशव्या आणि त्यावर जुन्या पंच्याची गाठ. वृंदाने घरी तिला हात लावू दिला नाही. चौदा नंबरला उघडायची, म्हणाली.

साउथ डकोटात पोचल्यावर मी सहज त्या बुकिंगची ईमेल वाचली. 'चौदा नंबर. बॅक-इन. दोन पाइनच्या झाडांमधून.' म्हणजे तीस फुटी गाडी दोन झाडांमधून उलटी घालायची, आणि मागे ओढा! वृंदा कपडे धुवायला गेली होती. एखाद्या शहाण्या माणसाने ती आल्यावर सांगितलं असतं, की बाई गं, मला जमत नाही. मी तिच्या टॅबलेटवरून बुकिंग कॅन्सल केलं.

"वाईट बातमी आहे," ती आल्यावर मी म्हणालो. "कॅम्पग्राउंड बंद केलंय. अस्वल आलंय."

तिचा चेहरा असा उतरला की मी तिथेच खरं बोलायला हवं होतं. त्याऐवजी, बातमीला वजन यावं म्हणून म्हणालो, "ग्रिझली आहे. दोन पिल्लंपण आहेत."

वृंदाने हे लगेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि माझं अस्वल माझ्या हातातून सुटलं. पुण्याहून, नागपूरहून, ठाण्याहून मेसेज. ईडन प्रेरीहून आमच्या लेकीचा, सईचा फोन. "बाबा, आय ॲम लुकिंग ऑनलाइन, देअर इज नो बेअर."

"रेंजर लोकांनी बातमी दाबलीय," मी म्हणालो. "टुरिस्ट घाबरतात म्हणून."

"व्हाय वुड दे डू दॅट?"

"तुला नाही कळायचं."

संध्याकाळी वृंदाच्या मामांचा व्हॉइस मेसेज आला. मामा वनखात्यातून रिटायर झालेले, बारा मिनिटं बोलले. सार असं, की पिल्लं असलेली अस्वलीण फार वाईट, तिला गोडाचा वास कोसावरून येतो, आंबा तर विचारूच नका, आणि समोर आलीच तर भांडी वाजवा. वृंदाने तो मेसेज दोनदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वायोमिंगमध्ये एका दुसऱ्या कॅम्पग्राउंडवर उतरलो. ओढ्यापासून चाळीस मैल अलीकडे, हायवेला लागून, झाड औषधालाही नाही, पण पुल-थ्रू. मी खुशीत खुर्च्या मांडत होतो. तेवढ्यात वृंदा आतून पंच्याचं ते गाठोडं छातीशी धरून आली आणि कचऱ्याच्या पेटीकडे चालायला लागली. तिथल्या पेट्या लोखंडी असतात, अस्वलाला उघडता येऊ नये म्हणून त्यांना आत बोटं घालून दाबायचा खटका असतो.

"हे काय?"

"आंबा आहे ना त्यात," ती म्हणाली. "चाळीस मैल म्हणजे काय रे तिला? पिल्लं उपाशी असतील, येईल वासावर. गाडीत नको."

"अगं, एवढ्या पिशव्या आहेत. नाही येत वास."

"मामा म्हणाले, कोसावरून येतो."

मी तोंड उघडलं. आता सांगून टाक, असं मन म्हणत होतं. तोवर खटक्याचा आवाज झाला आणि बरणी आत पडली. परत येताना तिचे डोळे भरलेले होते.

"आईला सांगू नको हं," ती म्हणाली.

मी पन्नाशी उलटलेला माणूस आहे. आयुष्यात थापा बऱ्याच मारल्या, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती. जेवण गेलं नाही, झोप लागली नाही.

सकाळी वृंदा कॅम्पग्राउंडच्या न्हाणीघरात गेली आणि मी पेटी गाठली. बेत सोपा होता. बरणी काढायची, कुठल्यातरी सामानाखाली लपवायची आणि घरी गेल्यावर 'अगं, ही बघ, टाकलीच नव्हती' असं म्हणायचं. (एका थापेतून बाहेर पडायला दुसरी थाप. माणूस सुधारत नाही.) थंडी होती म्हणून अंगात काळं जाडजूड जॅकेट, डोक्यावर त्याची टोपी, काळी पँट आणि मोज्यांवर चपला. खटका दाबून झाकण उचललं. पंचा दिसत होता, पण चांगला खोल होता. हात पुरेना. मग खांदा घातला. मग डोकं. मग पाय जमिनीवरून सुटले आणि झाकण धाडकन माझ्या कमरेवर येऊन बसलं.

बरणी हातात आली, पण मी येईना. जॅकेट कशाततरी अडकलं होतं. बाहेर फक्त दोन काळे पाय हवेत हलत होते. मी ओरडलो, "हेल्प!" पण लोखंडी पेटीत तोंड घालून हेल्प म्हटलं की बाहेर काय ऐकू येतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"बेअर!" कुठलीतरी बाई किंचाळली.

मग धावपळ, दारं आपटल्याचे आवाज आणि हॉर्न. वीस गाड्या एकदम हॉर्न वाजवायला लागल्या. मी जितका ओरडत होतो, तितके ते जोरात वाजवत होते. त्यात आणखी एक आवाज मिसळला, पातेल्यावर झारा बडवल्याचा. तो झारा मी ओळखला. आमच्याच घरातला होता.

हळूहळू हॉर्न थांबले. जवळच कुणीतरी घसा साफ केला आणि एक तरुण मुलगी अतिशय नम्रपणे म्हणाली, "सर? आर यू अ पर्सन?"

रेंजर होती. या प्रश्नावर मी अजून विचार करतोय.

"अरे देवा," मागून वृंदा म्हणाली. "पायातला मोजा बघा, टाचेला फाटलाय. आमचेच आहेत हे."

रेंजरने झाकण उचललं, वृंदाने जॅकेट सोडवलं आणि मी कुशीत बरणी घेऊन बाहेर आलो. केसांत चहाची पिशवी होती. समोर नाइटड्रेसमधली वीसेक माणसं, ओल्या केसांची वृंदा आणि तिच्या हातात पातेलं.

वृंदाने रेंजरला माझ्या वतीने माफी मागत सगळं समजावून सांगितलं. ओढ्याकाठचं कॅम्पग्राउंड अस्वलामुळे बंद झालं, त्यात आमचं बुकिंग गेलं, म्हणून आम्ही जरा घाबरलेले आहोत, वगैरे. रेंजर ऐकत राहिली आणि म्हणाली, "मॅम, दॅट कॅम्पग्राउंड इज ओपन. वी हॅव्हन्ट सीन अ बेअर देअर ऑल समर. हू टोल्ड यू?"

वृंदाने माझ्याकडे पाहिलं. वीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं, तरी त्यांनाही कळलं.

"मीच कॅन्सल केलं," मी म्हणालो. "ती जागा बॅक-इन होती. मला एवढी मोठी गाडी रिव्हर्स घेता येत नाही."

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग शांतपणे म्हणाली, "ते मला नोव्हायपासून माहीत आहे. मेलबॉक्स पाडलीस तेव्हा मी मागच्या खिडकीतच बसले होते. समोरच्यांना त्याच दिवशी मेसेज केला, परत आल्यावर नवीन लावून देतो म्हणून. सूर्यफुलंपण दिसली मला. म्हटलं, सांगेल आपणहून कधीतरी."

"सॉरी."

"रिव्हर्सचं काही नाही रे. मला आईचा साखरांबा टाकायला लावलास तू."

मी बरणी पुढे केली. तिने पंचा सोडला, एकेक पिशवी काढली, चिकटपट्टीचे सात वेढे तपासले. मुंबई-डेट्रॉइट प्रवास सोसलेलं पॅकिंग होतं ते, एका पेटीला काय भीक घालणार? आत थेंबसुद्धा गेला नव्हता.

रेंजरला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने वायरलेसवर कुणालातरी विचारलं. ओढ्याकाठी एक जागा रिकामी होती. कुणा मूर्खाने आयत्या वेळी कॅन्सल केली होती म्हणे. चौदा नंबर.

वृंदाने माझ्यापुढे तळहात धरला. मी किल्ली ठेवली.

दुपारी चौदा नंबरला पोचल्यावर तिने दोन्ही आरसे नीट केले, धुक्याच्या पडद्यावर माझा रुमाल टाकला आणि मला खाली उतरवलं. मी मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" म्हणत होतो. माझी काही गरज नव्हती, पण कुणीतरी म्हणायला लागतं. दोन पाइनच्या मधून ती तीस फुटी गाडी एका झटक्यात आत आली आणि ओढ्यापासून चार हातांवर थांबली. शेजारच्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. मला म्हणाला, "यू आर अ लकी मॅन. व्हॉट डू यू डू?" मी सांगितलं, अकाउंटंट आहे.

तोवर ग्रुपवर कॅम्पग्राउंडवरच्या कुणीतरी काढलेला माझा फोटो पोचला होता. पेटीतून वर आलेले दोन पाय, आणि खाली वृंदाने लिहिलं होतं, 'अस्वल सापडलं. पिल्लं नाहीत.' मामांनी त्यावर अंगठा दाखवला. सईने विचारलं, "बाबा, डज युअर ऑफिस नो?"

मग ओढ्याकाठी खुर्च्या टाकल्या. वृंदाने पोळ्या केल्या, बरणी उघडली, वेलदोड्याचा वास दरवळला. तिने आपल्या पोळीवर चमचाभर साखरांबा घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ पाण्याचा आवाज ऐकत खात राहिली. इतकं समाधान तिच्या चेहऱ्यावर मी या अख्ख्या प्रवासात पाहिलं नव्हतं, आणि ते मी जवळजवळ घालवलं होतं. मी माझी कोरडी पोळी हळूच पुढे केली.

तिने बरणीचं झाकण लावलं आणि पाइनच्या झाडावर ठोकलेल्या सरकारी पाटीकडे बोट दाखवलं.

"अस्वलांना खायला घालायला बंदी आहे," ती म्हणाली.