पंपाशेजारची बाई

जाहिरातीतल्या बाईला "तुमचं इथे काय काम?" असं थेट तोंडावर विचारणारा माणूस साऱ्या जगात एकच आहे, आणि मी त्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. नोकरीसाठी सांगलीहून इंदूरला आलो तेव्हा मला घर हवं होतं, मराठी बोलणारा मालक हवा होता आणि दोन वेळा पाणी हवं होतं. तिन्ही मिळालं. पण या तिन्हींबरोबर आणखी काय काय मिळणार आहे याची कल्पना मला कुणी दिली नाही. पहिल्याच दिवशी घरमालकांनी माझं गाव विचारलं, नाव विचारायचं राहून गेलं, आणि तेव्हापासून मी त्यांच्यासाठी "सांगलीजी" आहे. माझ्या नावाने आलेलं कुरिअर त्यांनी एकदा "यहाँ ऐसा कोई नहीं रहता" म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं.

वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगात पांढरा झब्बा आणि झब्ब्यावर कुठल्या ना कुठल्या रंगाचा एक डाग. पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते म्हणे. यांनी घोड्याऐवजी शिडी धरली. चाळीस वर्षं त्यांनी इंदूरच्या भिंतींवर जाहिराती रंगवल्या. बिडी, बाम, बनियन, शिलाई मशीन, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. मग फ्लेक्सचा जमाना आला, एका रात्रीत भिंतीच्या भिंती छापून यायला लागल्या आणि यांची शिडी अंगणात आडवी झाली. आता तिच्यावर आम्ही सगळे कपडे वाळत घालतो. हात रिकामा झाला, पण डोळे काही निवृत्त व्हायला तयार होईनात. ते शहरभर फिरून नव्या जाहिराती तपासू लागले, आणि या कामासाठी त्यांना वाहन म्हणून मी आणि माझी स्कूटर मिळालो.

त्यांना मागे बसवून बाहेर पडायचं म्हणजे जीव मुठीत धरायचा. ऐन गर्दीत कानाशी "थांबा!" अशी आरोळी येते. पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी चाकाखाली आलं. मी करकचून ब्रेक दाबला, मागच्या रिक्षावाल्याने माझ्या खानदानाची चौकशी केली, आणि घरमालक शांतपणे वर बोट दाखवून म्हणाले, "सांगलीजी, ही बाई इथे काय करून राहिली?" वर एक भलंमोठं होर्डिंग होतं. झगमगीत गाऊन घातलेली एक तरुणी सिमेंटच्या गोणीला गालाने टेकून हसत होती. "सिमेंट आहे ते! कपड्याला लागलं की निघत नाही, गालाला लागलं तर चामडी सोलून काढेल. हिला कुणी बोललं नाही का?" त्यांच्या आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती. तिची आई भेटली असती तर तिलाही त्यांनी हे सांगितलं असतं.

नळ विकणाऱ्या एका चकचकीत शोरूममध्ये तर ते मला घेऊन थेट आतच शिरले. बाहेर पाटीवर टॉवेल गुंडाळलेली एक बाई नळाकडे अशी बघत होती, की त्या नळाशी तिचं लग्न ठरलं असावं. घरमालकांनी काउंटरवरच्या मॅनेजरला इंदुरी पद्धतीने भिया म्हणत अदबीने विचारलं, "भिया, वो बाहर वाली मैडम हैं क्या? घर का नल टपक रहा है, उनको भेज दो." मॅनेजर गोंधळला. म्हणाला, "अंकल, वो तो मॉडल है." "अच्छा, मतलब नल सुधारती नहीं हैं?" "नहीं अंकल." "बेचती हैं?" "नहीं." "तो नहाने आई हैं दुकान में?" मॅनेजरने पाण्याचा ग्लास पुढे केला. घरमालकांनी तो पिऊन, आभार मानून, "सोच लेना भिया" असा सल्ला दिला आणि आम्ही बाहेर पडलो. त्यानंतर घरच्या गळक्या नळाला वायसर घ्यायला मी एकटाच, दुसऱ्या दुकानात गेलो.

अशा बायकांचे त्यांनी तीन प्रकार पाडले आहेत. टेकलेली, धरलेली आणि हसलेली. टेकलेली बाई वस्तूला टेकून उभी असते. मोटारसायकल, टायर, बोअरवेलची मोटर, काहीही चालतं. धरलेली बाई वस्तू तळहातावर धरून आपल्याला दाखवते. आणि हसलेली बाई वॉशिंग मशीनकडे, कुकरकडे नाहीतर नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरकडे बघून हसते. "घरात कुणी मशीनकडे बघून असं हसलं तर आपण डॉक्टर बोलावू की नाही?" असा त्यांचा सवाल आहे. पुरुषाचा प्रकार मात्र एकच. तो सूट घालून उभा असतो आणि बोट वर करून काहीतरी समजावतो.

हे ऐकून कुणाला वाटेल की म्हातारा सोवळा आहे. मुळीच नाही. कॉलनीतल्या ज्येष्ठ मंडळींनी अश्लील जाहिरातींविरुद्ध अर्ज काढला, तेव्हा सहीसाठी ती मोठ्या आशेने यांच्याकडे आली. घरमालकांनी अर्ज वाचला आणि परत दिला. "कपड्यांचं काय घेऊन बसलात? कमी घालू दे, जास्त घालू दे. मला सांगा, तिच्या हातात काम कुठे आहे?" ज्येष्ठ मंडळी चहा न घेता गेली. मी संधी साधून विचारलं, "पण चाळीस वर्षांत तुम्ही एकही टेकलेली बाई रंगवली नाही?" त्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की मी जणू भाडं बुडवायची परवानगी मागितली होती. "आमची बात अलग आहे, सांगलीजी. आम्ही हाताने काढायचो. ते पेंटिंग होतं!" विषय तिथेच संपला.

पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी त्यांची नात होती. वय वर्षं सात. नुकतं वाचायला यायला लागलेलं मूल किती धोकादायक असतं हे ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनाच कळेल. ती दिसेल ते मोठ्याने वाचते. आजोबांबरोबर पाट्या वाचतच ती अक्षरं शिकली. एकदा आम्ही तिघं दुपारी सराफ्यातून चाललो होतो. एका सोनाराच्या दुकानावर आई-बाप, मुलगा आणि नवरीसारखी नटवलेली लहान मुलगी असं चित्र होतं. नातीने खणखणीत आवाजात वाचलं, "बेटे के लिए प्लॉट, बेटी के लिए हार." मग थांबून म्हणाली, "आबा, मला प्लॉट का नाही?" घरमालकांनी तिला उचललं, दुकानात नेलं आणि सोनारासमोर उभं करून म्हणाले, "सेठ, मेरी बच्ची कुछ पूछ रही है." सोनाराने तिला एक चॉकलेट दिलं. ती म्हणाली, "प्लॉट?" मग त्याने दुसरं चॉकलेट दिलं. परतताना आबांची छाती इतकी फुगली होती की स्कूटरवर मला जागा उरली नव्हती. आपली नात या चित्रांना फसणार नाही अशी त्यांची खात्री झाली होती.

आणि मग तिच्या शाळेत चित्रं काढायला सांगितली. विषय होता, माझी आई कामावर.

आमच्या घरमालकांच्या सूनबाई पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत पंपाच्या कारखान्यात काम करतात. तयार झालेला पंप चालवून बघायचा, बिघडला असेल तर उघडायचा, दुरुस्त करून पुढे पाठवायचा, हे त्यांचं काम. हाताखाली सहा माणसं. संध्याकाळी घरी येतात तेव्हा अंगाला ग्रीसचा वास असतो आणि नखांत काळं. त्या दिवशी नात चित्र नाचवत आली. शाळेतल्या बाईंनी त्यावर तारा दिला होता. मीही खालीच होतो. चित्रात मोठा निळा पंप होता. त्याला एक हात टेकवून, दुसरा कमरेवर ठेवून, मान तिरकी करून गुलाबी साडीतली आई हसत उभी होती. नखं लालभडक. पंपापुढे एक मिशीवाला माणूस बसून पान्याने नट फिरवत होता.

सूनबाई आधी मनापासून हसल्या. "हा कोण गं?"

"तो अंकल. पंप रिपेअर करून राहिला."

"आणि मी काय करतेय?"

नातीने चित्र पुन्हा बघितलं. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मग म्हणाली, "तू छान दिसतेय ना!"

सूनबाईंचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण त्या हात धुवायला म्हणून आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. घरमालक मात्र भडकले. हे त्या होर्डिंगवाल्यांचे उद्योग, पोरांच्या डोक्यात काय काय भरतात, असं त्यांचं सुरू झालं. नात म्हणाली, "नाही आबा, मी तर तुमची बघून काढली. आईच्या कारखान्याजवळ तुमच्या भिंतीवर आहे ना, तशी."

पुढचे चार दिवस घरमालक स्कूटरवर बसायचे, पण "थांबा" नाही. त्या काळात आम्ही टायरला मिठी मारलेल्या एका बाईखालून दोनदा गेलो, तरी मागून आवाज आला नाही. मला चैन पडेना. इतके दिवस ज्या आरोळीने माझा ब्रेक करकचून दाबला जायचा, तीच ऐकू यावी म्हणून मी मुद्दाम त्या होर्डिंगखाली स्कूटर हळू करू लागलो.

पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, शिडीवरचे माझे कपडे घडी करून पायरीवर ठेवलेले दिसले. घरमालक रंगाचे डबे घेऊन तयार होते. शिडी हातगाडीवर आणि आम्ही स्कूटरवर, असे पोलोग्राउंडला पोचलो. सूनबाईंच्या कारखान्याला लागूनच एका गोदामाची लांब भिंत आहे. घरमालकांनी ऑफिसात विचारून ठेवलं होतं. आठ दिवसांनी तिथे नव्या पंपाचा फ्लेक्स लागणार होता, तेव्हा "झाकलंच जाणार आहे, काय करायचं ते करा" असं उत्तर मिळालं होतं.

भिंत मी पहिल्यांदाच नीट बघितली. रंग उडाला होता, पण पंप ओळखू येत होता आणि त्याला टेकलेली गुलाबी साडीतली बाई तर अजून ताजी वाटत होती. चेहरा कुठेतरी पाहिलेला. मग लक्षात आलं, खालच्या मजल्यावर हार घातलेला जो फोटो आहे, तोच चेहरा.

"दुसरी कुठली बाई माझ्यासाठी उभी राहणार होती?" शिडीवर चढता चढता ते म्हणाले. "मॉडेलबिडेल कुठे होतं तेव्हा! बामची बाई तीच, मशीनची बाई तीच. हा पंप अंगणात आणून ठेवला होता, दोन दिवस टेकून उभी होती बिचारी. मान अकडली. मला विचारलं, अहो, पण मी इथे उभी राहून काय करतेय? मी काय बोललो माहीत आहे, सांगलीजी?"

मला माहीत होतं. नातीने आईला जे सांगितलं तेच. मी शिडी आणखी घट्ट धरली.

"तिला जाऊन तीन वर्षं झाली. गावभर बायकांना विचारत फिरतो. जिने मला विचारलं तिला धड जबाब दिला नाही."

मग त्यांनी कमरेवरचा हात पुसून काढला आणि त्या हातात पाना द्यायला घेतला. पान्याची रेघ सरळ येईना. पण दुपारपर्यंत झाला एकदाचा. तोवर सूनबाई नातीला घेऊन डबा द्यायला आल्या. त्यांनी भिंतीकडे वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "बाबा, आईंनी पाना त्याच्या तोंडाजवळ पकडलाय. असा पकडला तर नट हिलणार पण नाही. मागे, टोकाला पकडायचा."

साऱ्या शहराच्या चुका काढणारा माणूस शिडीवर खजील होऊन उभा राहिला. मग म्हणाला, "तू जरा पकडून दाखव बेटा." सूनबाईंनी पर्समधून पाना काढला. त्यांच्या पर्समध्ये पाना असतो हे मला तेव्हा कळलं. त्या पाना धरून उभ्या राहिल्या आणि घरमालकांनी बायकोचा हात दुसऱ्यांदा पुसला, सुनेचा हात बघून नवा काढला. नातीने सगळं तपासलं आणि हुकूम सोडला, "आबा, आईच्या नाखूनात काळं असतं. ते पण बनवा." आबांनी बारीक ब्रशने नखांत काळं भरलं. इतकं मन लावून त्यांनी कधी दागिनेही रंगवले नसतील.

आठ दिवसांनी ठरल्याप्रमाणे फ्लेक्स लागला. त्यावर नवा पंप आहे, आणि त्याला टेकलेली एक नवी, गोरी, लांब केसांची तरुणी. पण फ्लेक्स भिंतीपेक्षा थोडा आखूड पडला. त्या तरुणीच्या शेजारी, कडेच्या बाहेर, जुन्या भिंतीचा एक पट्टा उघडा राहिला आहे. त्यातून एक हात बाहेर आलेला दिसतो, पाना टोकाला घट्ट धरलेला, नखांत काळं असलेला.

परवा आम्ही तिथून जात होतो. मी सवयीने ब्रेकवर पाय ठेवून तयार राहिलो. "थांबा" आलं नाही. मीच विचारलं, "थांबायचं का?" मागून घरमालकांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"नको, चला," ते हळूच म्हणाले. "ती कामात आहे."